असेंब्ली अडते कुठे? कॅडमधले मेट आणि मोशन दुरुस्त करण्याची रीत

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीन बनवणाऱ्या लहान कारखान्यांत डिझायनरला आता दोन कामं असतात. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, ड्रॉइंग काढायचं आणि पार्टीला (गिऱ्हाइकाला) मशीन चालताना दाखवायचं. पत्रा कापण्याआधी, लेथवर जॉब चढण्याआधी शेठ खुर्चीमागे येऊन विचारतात, ‘आ चालशे ने?’ (हे चालेल ना?) स्क्रीनवर क्रँक (शाफ्टवर फिरणारा आखूड हात) अर्धा फेरा फिरून थबकते, स्लाइड उलट्या बाजूला उडी मारते किंवा मेटच्या (दोन भाग एकमेकांशी कसे जोडलेत हे सांगणाऱ्या बंधनांच्या) यादीत लाल खुणांची रांग लागते. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात: आणखी एक मेट घालून बघतात. दहातल्या नऊ वेळा इथेच गाडी रुळावरून उतरते. एरर आली की मेट घालायचा नसतो, काढायचा असतो. कुठला काढायचा हे कसं ओळखायचं, ते पुढे सांगतो.

सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, फ्यूजन आणि फ्रीकॅड ही कॅडची सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्समध्ये ज्याला मेट म्हणतात त्याला इन्व्हेंटरमध्ये कन्स्ट्रेंट म्हणतात. फ्यूजन आणि फ्रीकॅडमध्ये जॉइंट असतात. सोयीसाठी सगळीकडे ‘मेट’च म्हणतो, फरक पडेल तिथे वेगळं सांगेन. फ्रीकॅडच्या 1.0 आवृत्तीत (नोव्हेंबर 2024) असेंब्लीचं वर्कबेंच आतच आलं आहे, त्यामुळे लायसन्स परवडत नसेल तरी हा सराव करता येतो.

उदाहरणाचं मशीन

एक साधा पुशर घेऊ. कन्व्हेयरवर आलेला खोका बाजूला ढकलणारा. 1440 आरपीएमची मोटर, तिला 1:30 चा वर्म गिअरबॉक्स, त्याच्या शाफ्टवर 40 मिमी त्रिज्येची क्रँक, 160 मिमी सेंटर अंतराचा कनेक्टिंग रॉड आणि गाइडमध्ये सरकणारी स्लाइड. स्ट्रोक 80 मिमी. हलणारे भाग तीनच: क्रँक, रॉड, स्लाइड. बाकी फ्रेम.

आधी हिशेब, मग माउस

मोकळ्या सोडलेल्या प्रत्येक भागाला सहा मोकळिकी असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. प्रत्येक मेट त्यातल्या काही खर्च करतो. दोन दंडगोल एका अक्षावर आणणारा कॉन्सेंट्रिक मेट चार मोकळिकी खातो, भाग फक्त अक्षावर सरकू आणि फिरू शकतो. पृष्ठभागाला पृष्ठभाग चिकटवणारा कोइन्सिडंट तीन खातो. बिंदूवर बिंदू ठेवलात तर तीन जातात, पण फिरण्याच्या तिन्ही शिल्लक राहतात. म्हणजे तो बॉल जॉइंट झाला.

आता पिन घ्या. कॉन्सेंट्रिक आणि बाजूचा पृष्ठभाग टेकवलेला: चार अधिक तीन, सात. पण भागाकडे मुळात सहाच होत्या आणि फिरण्याची एक अजून शिल्लक आहे. म्हणजे खर्च झाल्या पाच. उरलेल्या दोन मोकळिकी दोन्ही मेटांनी मिळून दोनदा काढल्या, कारण पृष्ठभाग अक्षाला काटकोनात आहे हे दोघंही सांगत होते. दोघांचं म्हणणं जुळतं तोवर सॉफ्टवेअर गप्प बसतं. ज्या दिवशी तो पृष्ठभाग ओतकामाचा निघतो आणि त्याला एखादा अंश ड्राफ्ट (साच्यातून निघण्यासाठीचा उतार) असतो, त्या दिवशी असेंब्ली ‘ओव्हर डिफाइन्ड’ (गरजेपेक्षा जास्त बांधलेली) होते आणि डिझायनर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. मशीनिंग न झालेल्या पृष्ठभागावर मेट घालणंच चुकीचं. शॉपवर, म्हणजे कारखान्यातसुद्धा तुम्ही ओतीव बाजूवरून माप घेत नाही.

हा हिशेब कागदाच्या कडेला लिहायची सवय लावा. किती भाग हलतात, प्रत्येकाला कुठली हालचाल शिल्लक राहायला हवी. पुशरमध्ये क्रँकला फिरणं, स्लाइडला एका रेषेत सरकणं आणि रॉडला स्वतःचं असं काहीच नाही, तो इतरांच्या मागे जातो. पूर्ण यंत्राची मोकळीक एक. यापेक्षा जास्त दिसली तर काहीतरी सुटलंय, शून्य आली तर काहीतरी जास्त बांधलंय.

पहिली पायरी: जमीन घट्ट करा

फ्रेम एका जागी फिक्स आहे ना, हे आधी बघा. सॉलिडवर्क्समध्ये पहिला टाकलेला भाग आपोआप फिक्स होतो, म्हणून घाईत आधी क्रँक टाकली तर क्रँकच जमिनीला खिळते आणि मागून आलेली फ्रेम तिच्याभोवती फिरते. इन्व्हेंटरमध्ये पहिला भाग आपोआप ग्राउंड होईलच असं धरून चालू नका. मूळ बिंदूवर ठेवून ग्राउंड करा.

सॉलिडवर्क्सच्या ट्रीमध्ये भागाच्या नावाआधी कंसात एक खूण असते. एफ म्हणजे फिक्स, वजा म्हणजे अजून मोकळीक शिल्लक, अधिक म्हणजे जास्त बांधलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे सुटलाच नाही. हलणाऱ्या भागासमोर वजा दिसणं चांगलं लक्षण आहे. नवे लोक ते वजा घालवण्याच्या मागे लागतात आणि यंत्राचा पुतळा करून ठेवतात.

दुसरी पायरी: हाताने ओढून बघा

मोशन स्टडी (सॉफ्टवेअरचा ॲनिमेशनचा, टाइमलाइनवाला भाग) उघडायच्या आधी क्रँक माउसने धरून पूर्ण फेरा फिरवा. हाताने फिरत नसेल तर मोटर लावूनही फिरणार नाही. ॲनिमेशनच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी टाइमलाइन बंद करायला लावतो, कारण बहुतेक वेळा दुखणं टाइमलाइनमध्ये नसून मेटांमध्ये असतं.

अडलं तर असं शोधा. सगळे मेट डिलीट करू नका, सप्रेस (तात्पुरते बंद) करा. आधी अर्धे सप्रेस करून ओढून बघा. हललं तर दोषी त्या अर्ध्यात आहे, त्यातले अर्धे परत चालू करा. चाळीस मेट असले तरी पाच-सहा फेऱ्यांत नेमका मेट हाती लागतो. सॉलिडवर्क्समधलं मेटएक्स्पर्ट आणि इन्व्हेंटरमधलं ‘शो सिक’ आजारी मेट दाखवतात, पण एक लक्षात ठेवा: लाल खूण ज्याच्यावर आहे तोच चोर असेलच असं नाही. दोन मेटांचं भांडण असतं आणि खूण बहुधा नंतर आलेल्यावर पडते. आधी घातलेला चुकीचा मेट साळसूदपणे हिरवा बसलेला असतो.

एक लपलेला गुन्हेगार इथेच सांगतो. बोल्ट जागच्या जागी फिरू नयेत म्हणून कॉन्सेंट्रिक मेटात ‘लॉक रोटेशन’वर टिक करण्याची सवय चांगली आहे. तीच टिक चुकून क्रँक पिनवर राहिली तर मेटांची यादी स्वच्छ, एकही लाल खूण नाही आणि यंत्र मात्र दगडासारखं घट्ट. यादीत न दिसणारी गोष्ट असल्यामुळे ती शोधण्यात अख्खी दुपार जाते.

तिसरी पायरी: दोन भोकांचा वाद

गाइडची पट्टी फ्रेमवर दोन डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या पिनांवर) बसते. पट्टीत भोकांचं अंतर 80 मिमी, फ्रेमच्या ड्रॉइंगमध्ये कोणीतरी 80.01 ठेवलंय. दोन्ही भोकांना कॉन्सेंट्रिक घातला की दुसरा मेट लाल. सॉफ्टवेअरला शंभरावा भागही फरकच असतो.

यावर शॉपचा उपाय जुना आहे. जिग-फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारी साधनं) करणारे एक गोल पिन आणि एक डायमंड पिन वापरतात. गोल पिन जागा ठरवते. डायमंड पिन बाजूंनी घासलेली असल्यामुळे फक्त फिरणं थांबवते, सेंटर अंतरातला फरक सोडून देते. असेंब्लीतही तेच करा. पहिल्या भोकाला कॉन्सेंट्रिक, पृष्ठभागाला कोइन्सिडंट आणि फिरणं थांबवायला दुसऱ्या भोकाऐवजी पट्टीच्या कडेला फ्रेमच्या कडेशी पॅरलल. एक मोकळीक उरली होती, एकच काढली. मॉडेलमध्ये असं करताना मन कचरत असेल, तर ड्रॉइंगमध्ये दुसरं भोक लंबगोल द्यायला हवं होतं का, हाही विचार करा. कॅडमधली ही एरर पुष्कळदा शॉपवर येऊ घातलेल्या कटकटीची आगाऊ सूचना असते.

पुशरचं खरं गणित

इथे जरा थांबू या, कारण हा भाग कोणी शिकवत नाही.

तीन हलणारे भाग, म्हणजे अठरा मोकळिकी. क्रँकचा शाफ्ट, क्रँक पिन आणि स्लाइडची पिन हे तीन हिंज, म्हणजे वरच्या पिनेसारखे फक्त फिरू देणारे सांधे, प्रत्येकी पाच, एकूण पंधरा. स्लाइड गाइडमध्ये, आणखी पाच. खर्च वीस. अठरा वजा वीस, उणे दोन. हिशेबाने यंत्र हलायलाच नको, पण हलतं. कारण तिन्ही पिना तंतोतंत समांतर आहेत आणि (खरी मोकळीक एक, हिशेबाची उणे दोन, फरक तीन) तीन बंधनं एकाच गोष्टीची पुनरुक्ती आहेत. कागदावरच्या, म्हणजे एका प्रतलातल्या सूत्रात हे दिसत नाही. तिथे चार दुवे, चार सांधे: तीन गुणिले तीन वजा दोन गुणिले चार, उत्तर सरळ एक. त्रिमितीत मात्र सॉफ्टवेअर पिनांचा तिरकेपणाही मोजतं.

नुसतं ॲनिमेशन हवं असेल तर या तीन फालतू बंधनांकडे दुर्लक्ष करता येतं. पण सॉलिडवर्क्सचं मोशन ॲनालिसिस वापरून पिनवर किती बल येतं हे काढायचं असेल तर दुर्लक्ष महागात पडतं. सॉल्व्हर (हे गणित सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग) जादा बंधनं आपल्या मर्जीने काढून टाकतो, मग एखाद्या पिनवर बल शून्य दिसतं आणि शेजारच्या पिनवर दुप्पट. त्या आकड्यावर बेअरिंग निवडलं तर पुढचं सांगायला नको.

उपाय सोपा आहे. क्रँकचा शाफ्ट हिंजच ठेवा, पाच. क्रँक पिनला नुसता कॉन्सेंट्रिक, बाजूचा पृष्ठभाग टेकवू नका, चार. रॉडच्या दुसऱ्या टोकाला पिनच्या मध्यबिंदूवर बॉल जॉइंट, तीन. स्लाइड पाच. बेरीज सतरा, अठरातून एक उरली. हवी होती तेवढीच. प्रत्यक्ष मशीनमध्येही रॉडच्या टोकाला गोलाकार बुश असलेला रॉड एंड लावतात तो याचसाठी. थोडाफार तिरकेपणा तो पोटात घालतो.

सब-असेंब्ली आणि बाहेरून आलेली मॉडेलं

न्यूमॅटिक सिलिंडर, टॉगल क्लॅम्प, स्वतः जोडलेलं कन्व्हेयर मॉड्यूल मुख्य असेंब्लीत आणलं आणि आतलं काही हलत नाही? सॉलिडवर्क्समध्ये सब-असेंब्ली मुळात ‘रिजिड’ असते, गुणधर्मांत जाऊन ‘फ्लेक्सिबल’ करा. इन्व्हेंटरमध्येही तसाच पर्याय आहे. पण सगळ्याच सब-असेंब्ली फ्लेक्सिबल करू नका, प्रत्येकीचे आतले मेट दरवेळी नव्याने सोडवावे लागतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. हलणारी तेवढीच.

विक्रेत्याच्या वेबसाइटवरून घेतलेल्या स्टेप फाइलची (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणाऱ्या मॉडेल फाइलची) वेगळीच तऱ्हा. कधी सिलिंडरची बॉडी आणि रॉड मिळून एकच सॉलिड, मग रॉड बाहेर येणार कसा? तो कापून वेगळा करावा लागतो. कधी याउलट बेअरिंगमधला प्रत्येक बॉल स्वतंत्र भाग आणि सगळे मोकळे. अशा बेअरिंगचा एकच भाग करून टाका, तो फिरताना कोणी बॉल मोजत नाही.

आणि मेट घालताना शक्यतो भागाची मूळ प्रतलं आणि अक्ष वापरा. फिलेटच्या (गोलवलेल्या) कडेवर किंवा चॅम्फरवर (तिरक्या कापलेल्या कडेवर) घातलेला मेट, फिलेट बदलला की अनाथ होतो. आठवड्यापूर्वी ठीक असलेली असेंब्ली आज लाल का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

उलटी उडी

क्रँक फिरते, पण मध्येच रॉड आरशातल्या प्रतिमेसारखा पलटतो. याची कारणं तीन आहेत.

सर्वांत साधं म्हणजे मेटची दिशा, अलाइन्ड (दोन्ही पृष्ठभागांची तोंडं एकाच दिशेला) की अँटी-अलाइन्ड (समोरासमोर). भाग आधी हाताने अंदाजे योग्य जागी आणि योग्य तोंडाने ठेवून मग मेट घाला, सॉल्व्हर जवळचं उत्तर शोधतो.

इन्व्हेंटरमध्ये कोन ‘ड्राइव्ह’ करताना (आपोआप बदलत यंत्र चालवताना) 180 अंशांजवळ उडी बसत असेल तर अँगल कन्स्ट्रेंटचा प्रकार बघा. ‘अनडायरेक्टेड’ असेल तर त्याला अधिक आणि उणे कोनातला भेद कळत नाही. ‘एक्स्प्लिसिट रेफरन्स व्हेक्टर’ निवडून तिसरी दिशा ठरवून दिली की प्रश्न मिटतो.

तिसरं कारण यंत्राचंच असतं. समांतरभुज चौकोनासारखी चार दांड्यांची यंत्रणा, समोरासमोरच्या दांड्या सारख्या लांबीच्या, जेव्हा सरळ रेषेत येते तेव्हा तिच्यासमोर दोन वाटा असतात: समांतर राहणं किंवा फुलीसारखं उलटणं. गणिताला दोन्ही मान्य. खऱ्या यंत्रालाही हाच प्रश्न पडतो. वाफेच्या इंजिनात चाकांना जोडणारे दांडे असेच समांतर, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक एकमेकींशी 90 अंशांवर बसवत, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर (क्रँक आणि दांडा एका रेषेत येतात तिथे) असताना दुसरी वाट दाखवते. कॅडमध्ये तुम्ही दोन्ही क्रँकमध्ये 1:1 चा गिअर मेट किंवा एक पॅरलल मेट देऊन तेच साधू शकता. जादा बंधन होतं खरं, पण इथे ते मुद्दाम घातलेलं.

चार दांड्यांची यंत्रणा पूर्ण फेरा घेतच नसेल, तर मेट तपासण्याआधी लांब्या तपासा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी दांडी मिळून बाकी दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर कुठलीच दांडी पूर्ण फिरू शकत नाही. हा ग्रॅशॉफचा नियम. अशा वेळी सॉफ्टवेअरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही, डिझाइन बदलायला हवं.

गिअर आणि मर्यादा

गिअर मेट दात ओळखत नाही, त्याला फक्त गुणोत्तर कळतं. दात एकमेकांत घुसलेले दिसत असतील तर आधी गिअर मेट सप्रेस करा, एक दात समोरच्या खाचेत येईल असा तात्पुरता मेट घाला, तो सप्रेस करा, मग गिअर मेट चालू करा. दिशा उलटी वाटली तर रिव्हर्स. वर्म गिअरबॉक्स असेल तर तो एक बंद डबाच ठेवा, आतले दात फिरवून दाखवण्यात वेळ घालवू नका.

स्लाइडला गाइडबाहेर जाऊ न देण्यासाठी लिमिट मेट लावता, ठीक आहे. पण मर्यादा नेमकी 0 ते 80 ठेवलीत आणि क्रँकमुळे स्लाइड 80.0001 पर्यंत जात असेल तर मोटर तिथे अडते. दोन्हीकडे मिलिमीटरभर सैल ठेवा. खरं तर क्रँक असताना त्या मर्यादेची गरजच नाही, स्ट्रोक क्रँकच ठरवते.

आता टाइमलाइन

हाताने ओढून सगळं फिरतंय? मग मोशन स्टडी उघडा. सॉलिडवर्क्समध्ये तीन प्रकार आहेत. ‘ॲनिमेशन’ला वस्तुमान, गुरुत्वाकर्षण काही कळत नाही, ते फक्त मेट आणि मोटर पाळतं. ‘बेसिक मोशन’ गुरुत्व, स्प्रिंग आणि टक्कर धरतं. ‘मोशन ॲनालिसिस’ला वेगळं ॲड-इन लागतं. खोका ढकलला गेला पाहिजे आणि तुम्ही ‘ॲनिमेशन’ निवडलंय, तर पुशर खोक्यातून भुतासारखा आरपार जाणार. प्रकार बदलून दोघांत काँटॅक्ट द्या.

मोटर लावूनही हलत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण: सुरुवातीची स्थिती ठरवायला घातलेला अँगल मेट अजून जिवंत आहे. मोटर म्हणते फिर, मेट म्हणतो तीस अंशांवरच राहा. त्याला सप्रेस करा. इन्व्हेंटरच्या ‘ड्राइव्ह’मध्ये याउलट तोच अँगल कन्स्ट्रेंट यंत्र चालवतो, तिथे तो हवाच.

कॅमेरा आपोआप भलतीकडे वळत असेल तर तुम्ही मॉडेल फिरवून बघताना सॉफ्टवेअरने व्ह्यूच्या की (टाइमलाइनवरच्या खुणा) नोंदवल्या आहेत. ‘ओरिएंटेशन अँड कॅमेरा व्ह्यूज’वर राइट क्लिक करून व्ह्यू की बनणं बंद करा.

वेगाचा घोळ मात्र समजून घेण्यासारखा आहे. 1440 आरपीएम म्हणजे सेकंदाला 24 फेरे. व्हिडिओ 24 फ्रेमचा केलात तर प्रत्येक फ्रेमला शाफ्ट बरोबर एक फेरा पूर्ण करतो आणि त्याची की-वे (चावी बसायची खाच) सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी दिसते. मोटर बंद आहे असं वाटतं. 25 फ्रेम ठेवलेत तर दर फ्रेमला ती 14.4 अंश मागे राहते, म्हणजे शाफ्ट 60 आरपीएमने उलटा फिरताना दिसतो. मेट तपासून काही सापडणार नाही, कारण चूक मेटांत नाहीच. क्रँकचं तसं नाही. 1:30 नंतर ती 48 आरपीएमने फिरते, 24 फ्रेमला दर फ्रेम 12 अंश, डोळ्याला नीट दिसते. म्हणून मोटर क्रँकच्या शाफ्टवरच लावा, 48 वर. मूळ मोटरचा शाफ्ट कव्हरखाली झाकलेलाच राहू द्या.

खरं निघालं का, ते मोजा

क्रँक बाहेरच्या मृतबिंदूपासून 90 अंश फिरवा आणि स्लाइड किती सरकली ते मोजा. अर्धा स्ट्रोक म्हणून 40 अपेक्षित धरलंत तर चुकलं. रॉड तिरका होतो, त्याची क्षितिजसमांतर लांबी 160 च्या वर्गातून 40 चा वर्ग वजा करून वर्गमूळ, म्हणजे 154.92. सुरुवातीला स्लाइडची पिन 200 वर होती. सरकली 45.08 मिमी. तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं हेच आलं पाहिजे. 40 आलं तर रॉडचा मेट कुठेतरी खोटा आहे. 45.08 च्या आसपास पण वेगळं आलं तर क्रँकचं सेंटर स्लाइडच्या रेषेत नाही, ऑफसेट आहे. मुद्दाम ठेवलेला नसेल तर फ्रेमचं ड्रॉइंग उघडा.

शेवटी इंटरफिअरन्स (भाग एकमेकांत घुसतात का) एकाच स्थितीत तपासू नका. क्रँकच्या 0, 90, 180 आणि 270 अंशांवर तपासा आणि रॉड सर्वांत तिरका असताना तो गाइडच्या कोपऱ्याला लागतो का ते खास बघा. 90 अंशांवर रॉडचा कोन सुमारे 14.5 अंश होतो, धडक बसायची असेल तर बहुधा तिथेच बसते. बोल्ट आणि आट्यांची धडक यादीत दिसेल, ती सोडून द्या. मेंटेनन्ससाठी रॉडची पिन काढायला पाना आत जातो का, हेही याच वेळी बघून घ्या. व्हिडिओत ते दिसत नाही, पण मशीन बसवायला जाणारा फिटर पहिला प्रश्न तोच विचारतो.